बांधाचे कारभारी

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की थोड्याच वेळात चोडण बेट लागते. त्याच्या पूर्वेस, जुन्या गोव्याच्या समोर, दिवाडी. आणि त्याच्याही पलीकडे कुंभारजुवे व जुवे ही धाकटी बेटे. तिसवाडी तालुक्यातील या बेटांवर प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेत चर्चचे पांढरे शिखर भरते, माडांची रांग भरते, आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेली सपाट भातशेती भरते. एक गोष्ट मात्र सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. भरतीच्या वेळी नदीचे पाणी या शेतांपेक्षा उंच असते. वर खारे पाणी, खाली भात, आणि दोहोंच्या मध्ये मातीचा एक बांध, अशी ही रचना आहे. तो बांध शतकानुशतके कोणी राखला, कोणाच्या हुकमाने राखला आणि कोणाच्या खर्चाने राखला, हे सांगू लागले तर या बेटांचा निम्मा इतिहास सांगून होतो.

गोव्यात अशा जमिनीला खाजन म्हणतात. रायगड-रत्नागिरीकडे याच जातीच्या जमिनीला खार हे नाव आहे, त्यामुळे कोकणातील श्रोत्यांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. मूळची ही खाडीकाठची दलदल, खारफुटीचे रान. चिखल, पेंढा, बांबू, फांद्या यांचा थरावर थर देऊन, बाहेरून चिऱ्यांचा आधार देऊन माणसांनी बांध घातला, समुद्राचे पाणी बाहेर ठेवले आणि आतली जमीन पिकाखाली आणली. बांधाच्या बाहेरची खारफुटी मात्र मुद्दाम राखून ठेवली, कारण लाटेचा पहिला तडाखा तीच सोसते. सबंध गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर भरते.

बांधाचा जीव मानशीत असतो. मानस म्हणजे बांधातील दगडी मोरी आणि तिला बसविलेली लाकडी झडप. ही झडप अशा बेताने टांगलेली असते की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले म्हणजे ती आपोआप मिटते, आणि ओहोटी लागून आतल्या पाण्याचा भार वाढला म्हणजे आपोआप उघडते. दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी, हे काम अखंड चालू असते. पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तो मातीतले मीठ धुऊन काढतो आणि त्या दिवसांत ‘कोरगुट’सारखे खारेपण सोसणारे भात तयार होते. कापणी झाल्यावर काही ठिकाणी खारे पाणी बेताने आत घेतले जाई. त्याबरोबर कोळंबी येई, मासळी येई. काही खाजनांत मिठागरेही असत. एकाच भूमीतून भात, मासळी आणि मीठ काढणारी ही शेती पाहिली म्हणजे तिच्या मूळ योजकांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

पण या शेतीत एक मोठी अडचण आहे. शेते शंभर जणांची आणि बांध मात्र एक. एखादा खेकडा बांधात बीळ करतो; अमावास्येच्या उधाणाला त्या बिळातून पाणी झिरपते; वेळीच माती लोटली नाही तर एका रात्रीत भगदाड पडते. खारे पाणी आत शिरले की ते कोणाचे शेत कोणते हे विचारीत नाही, आणि एकदा जमीन खारावली की ती पुन्हा पिकावर यायला काही पावसाळे जावे लागतात. म्हणून खाजनाचा प्रश्न प्रथमपासूनच मातीचा जेवढा, तेवढाच कारभाराचा राहिला.

हा कारभार किती जुना असावा? बांदोडे येथे मिळालेल्या, मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. हा ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातील समजला जातो. म्हणजे पोर्तुगीजांचे गलबत या किनाऱ्याला लागण्यापूर्वी हजार वर्षे येथे खाजन ही ओळखीची वस्तू होती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली तेव्हा त्यांना येथे गावोगाव एक व्यवस्था उभी दिसली. तिचे नाव गांवकरी.

नव्या राज्यकर्त्यांना सारा हवा होता, आणि सारा वसूल व्हावयाचा तर जमीन पिकली पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते. खजिन्याचा प्रमुख अधिकारी अफोन्सो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी गांवकरांच्या रूढी व हक्क एका सनदेत नोंदवून काढले. ‘फोराल’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत गांवकरीच्या उगमाची एक कथाही येते. पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीस आणली, वस्ती वाढली, आणि उत्तम कारभारामुळे त्यांना गांवकर हे नाव मिळाले, असा तिचा आशय आहे. गांवकर या शब्दाचा अर्थ त्या कारकुनाने कारभारी आणि उपकारकर्ता असा लावला. कथा खरी की गांवकरांनी साहेबाला सांगितलेली, हा प्रश्न बाजूस ठेवू. जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांचा कायदा लिहून घेतला आणि त्याला आपली मोहोर लावली, ही गोष्ट त्या काळात सामान्य नव्हती.

गांवकरीची घडण थोडक्यात अशी होती. गावाची जमीन कोणा एकाची नसे, ती गांवकरीची असे. मूळ घराण्यांचे गट असत, त्यांना वांगड म्हणत. कोणी कोठे बसावयाचे, कोणी प्रथम बोलावयाचे, कोणत्या गावाने आधी कापणी सुरू करावयाची, या सर्वांचे मानपान ठरलेले होते. भातजमिनी ठरावीक मुदतीने लिलावाने कसण्यास दिल्या जात. आलेल्या पैशातून आधी सरकारी सारा, मग बांधाची दुरुस्ती आणि गावचे इतर खर्च भागत. उरलेल्या रकमेचा वाटा गांवकरांना मिळे. वाट्याच्या आधी बांध, हा क्रम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. बांध फुटला त्या वर्षी वाटा घटे, आणि त्यामुळे बांधाकडे पाहण्यात गांवकरांचे डोळे आपोआपच तीक्ष्ण होत.

आणि सभेचा नियम? प्रारंभी ठराव एकमताने होत असे. एका गांवकराने ‘नाका’, म्हणजे नको, असा शब्द उच्चारला तरी ठराव बारगळे. पुढे बहुमताची रीत आली. एकाच्या नकाराने अनेक चांगली कामे अडली असतील यात संशय नाही. हट्टी माणसे सर्व काळी असतातच. तथापि नदीच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला बाकीच्यांनी सोयीसाठी बुडवू नये, याची तजवीज त्या एका शब्दात होती.

मोठ्या खाजनांवर गांवकरीखेरीज आणखी एक मंडळ असे. त्याला भौस म्हणत. एका बांधाच्या आश्रयाने शेती करणाऱ्यांचा हा संघ. ज्याची जितकी जमीन तितकी त्याची वर्गणी. संघाने आपल्यातून कारभारी निवडावयाचा. त्याने मानशीची झडप, बांधाची माती आणि आतले पाण्याचे पाट यांवर लक्ष ठेवावयाचे. भगदाड पडल्याची वर्दी आली की ज्याने त्याने हातातले काम टाकून माती वाहण्यास धावावयाचे.

जगात याला जोड नाही असे मात्र नाही. हॉलंड देशातील बरीच भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि तेथे पाण्याचा कारभार पाहणारी स्वतंत्र मंडळे मध्ययुगापासून आहेत. राइनलांट येथील मंडळाला १२५५ मध्ये तेथील सरदाराची सनद मिळाली होती. ही मंडळे स्वतःचा कर बसवितात, त्यांच्या निवडणुका होतात, आणि आज त्यांची संख्या २१ आहे. अमेरिकेत १९३४-३५ च्या धुळीच्या वादळांनी शेतांची माती उडून गेली, तेव्हा १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी घटक राज्यांकडे एका कायद्याचा मसुदा धाडला. त्यातून मृद्‌संधारणाची स्थानिक मंडळे निघाली आणि शेतकरी आपले प्रतिनिधी त्यांवर धाडू लागले. अमेरिकेने आपत्तीनंतर जे योजिले, ते मांडवीतल्या बेटांवर आपत्ती रोजच दाराशी असल्यामुळे केव्हाच रूढ झाले होते.

सोळाव्या शतकात या बेटांवर फार मोठे स्थित्यंतर घडले. १५४१ मध्ये तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या खर्चाकडे वळविण्यात आले. दिवाडीवरील कदंबांचे सप्तकोटेश्वराचे देऊळ भंगले आणि देव नदीपलीकडे नार्व्यास नेण्यात आला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहेच. कित्येक घराणी बेट सोडून गेली, कित्येक ख्रिस्ती झाली. जी राहिली त्यांची नावे बदलली, परंतु सभेतली त्यांची जागा आणि बांधावरचे त्यांचे कर्तव्य बव्हंशी तेच राहिले. या घालमेलीत पुष्कळांवर अन्याय झाला. भरतीचे वेळापत्रक मात्र कोणत्याही धर्मसभेच्या हाती नव्हते, आणि बांध पडू देणे ना गांवकरांना परवडणारे होते, ना राजाला.

हद्दींचा अभिमान या लोकांत किती मुरला होता, याची एक गमतीदार साक्ष दिवाडीवर दरवर्षी मिळते. ऑगस्टमधील चौथ्या शनिवारी तेथे बोंदेराम नावाचा उत्सव होतो. वाड्यांच्या हद्दींवरून तंटे होत, म्हणून पोर्तुगीजांनी सीमेवर निशाणे रोवली, आणि लोकांनी ती निशाणे पाडून आपला निषेध नोंदविला, अशी त्याची कथा सांगतात. आज मुले ‘फोटाश’ नावाच्या बांबूच्या नळीतून रानफळे उडवितात आणि सजविलेले चित्ररथ निघतात. वीतभर जमिनीसाठी भांडणारी माणसेच तो मैलभराचा बांध मिळून राखीत होती, यात विसंगती काढण्याचे कारण नाही. जमिनीवर एवढा जीव नसता तर बांधावरही नसता.

तरीही गांवकरी म्हणजे रामराज्य, असे जे चित्र काही अभिमानी मंडळी रंगवितात ते मान्य करता येत नाही. वाटा मिळे तो गांवकर घराण्यांच्या पुरुष वंशजांना. स्त्रियांना सभेत स्थान नव्हते. बांधाची माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली, चिखलात कमरेपर्यंत उभे राहून ज्यांनी भगदाडे बुजविली, त्या गावडा-कुणबी कष्टकऱ्यांना ‘नाका’ म्हणण्याचा अधिकार कधीच नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकात हे हक्क भागांच्या रूपाने विकत मिळू लागले. ज्याने बेट पाहिलेही नाही असा माणूस पैसे टाकून भागीदार होऊ लागला. खुद्द गांवकरही मुंबईला, आफ्रिकेला पोटासाठी गेले. धोबीतलावातल्या गावोगावच्या ‘कूडां’त राहून त्यांनी बोटीवरच्या नोकऱ्या केल्या. गावच्या वहीत त्यांचे नाव राहिले, वाटा पोचत राहिला, पण मानशीची झडप कुजली आहे की शाबूत आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग उरला नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ मध्ये या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर निबंध लिहिला, त्यात सह्याद्रिखंडातल्या कथांना इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले. स्वतः गोव्याच्या मातीतला असूनही या विद्वानाने तिची भाबडी आरती ओवाळली नाही, हे विशेष होय.

पोर्तुगीज सरकारने या संस्थेला ‘कोमुनिदाद’ म्हटले आणि तिच्यासाठी संहितेवर संहिता काढल्या. १९०४ ची एक, १९३३ ची एक, आणि शेवटची १५ एप्रिल १९६१ ची. या शेवटच्या संहितेला आठ महिने होतात न होतात तोच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. राज्य गेले, संहिता राहिली; काही दुरुस्त्यांसह ती आजही चालू आहे, आणि गोव्यात आज दोनशेहून अधिक कोमुनिदादी आहेत. अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार यांचे मंडळ तीन वर्षांसाठी निवडले जाते. मात्र प्रत्येक संहितेगणिक सरकारी प्रशासकाचा हात लांब होत गेला. लहानसहान खर्चालाही वरची मंजुरी लागू लागली, आणि गांवकरांचे स्वातंत्र्य कागदावर जेवढे सुबक दिसू लागले तेवढे प्रत्यक्षात आखडत गेले.

मुक्तीनंतर न्यायाचा जो प्रश्न चारशे वर्षे तुंबला होता त्याला वाट मिळाली. दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९६४ चा कूळ कायदा आला. १९७६ मध्ये, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली. जे शेत पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे म्हणून कसले ते आपले झाले. हे व्हावयासच हवे होते. उशिरा झाले, एवढीच तक्रार करता येईल. परंतु शेताची मालकी वाटून देता आली तशी बांधाची देता येईना. म्हणून १९७५ च्या नियमांनी बांध व मानस यांची सामुदायिक जबाबदारी कुळांच्या संघटनांवर टाकली आणि देखरेख मामलेदाराकडे दिली. भौस संपले. कोमुनिदादीने बांधावरून अंग काढून घेतले.

या नव्या कारभाऱ्यांना दोष देण्याची घाई करू नये. त्यांच्या वाट्याला बांध आला तो वाईट वेळी. १९५० नंतर गोव्याच्या खनिजाची निर्यात भरधाव वाढली होती, आणि खाणींतला माल घेऊन मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जेस मांडवीतून अहोरात्र ये-जा करीत होत्या. त्यांच्या लाटांनी चोडण-दिवाडीचे बांध खालून पोखरले. (कूळ कायदा आणणारे बांदोडकर स्वतः खाणमालक होते, इतिहासाला असल्या गुंतागुंतीचे वावडे नसते.) पूर्वी उधाणे ठरलेल्या तिथींना येत. बार्जला तिथी नव्हती. त्यातच मजुरी वाढली, तरुण मंडळी कार्यालयांत आणि परदेशात गेली, आणि एक-दोन पायल्यांच्या भातासाठी चिखलात उतरणे कोणालाच परवडेना.

तेव्हा संघटनांना उत्पन्नाचा एक सोपा मार्ग दिसला. मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क पूर्वीपासून लिलावाने दिला जाई. कोळंबीचे भाव चढले तसे हे लिलाव काही ठिकाणी लाखांच्या घरात गेले. मक्तेदाराला भाताशी कर्तव्य नसते. जितके खारे पाणी आत तितकी मासळी अधिक, असा त्याचा सरळ हिशेब. म्हणून मिटावयाची झडप उघडी राहू लागली, शेते खारावू लागली आणि पडीक पडली. ज्या मानशीने शेत राखावयाचे तीच शेत बुडवू लागली. लिलावाच्या पैशातून बांध दुरुस्त व्हावा अशी अपेक्षा होती. पुष्कळ गावी तो झालाही, पण ज्या गावी सभासदांतच फूट पडली तेथे हिशेबाच्या वह्या आणि बांध दोन्ही उघडे पडले.

पडीक खाजनात खारफुटी आपणहून उगवते. ही खारफुटी मासळीची पैदास करते, लाटा अडविते. म्हणून १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून तिला कायद्याचे संरक्षण आहे. पण बाहेर हवी ती खारफुटी बांधाच्या आत आली म्हणजे शेतकऱ्याचे शेत रान होते, आणि ते पुन्हा मोकळे करावयाचे तर कायदा आडवा येतो. चोडणच्या पश्चिम टोकाला १९८८ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या नावाने १७८ हेक्टरांचे अभयारण्य स्थापन झाले. तेथे वनखाते खारफुटी राखते, आणि ते योग्यच आहे. त्याच बेटावर शेतकऱ्याला तीच खारफुटी उपटावीशी वाटते, आणि त्याचेही म्हणणे चुकीचे नाही. २०११ च्या अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांना स्वतंत्र स्थान दिले. त्यांचे नकाशे करावेत, व्यवस्थापनाची योजना आखावी आणि त्यांत बांधकामे होऊ देऊ नयेत असे ठरविले. नकाशावरची रेषा कोणी ओढावयाची हे त्यात स्पष्ट आहे. बांधावर रात्री कंदील घेऊन कोणी जावयाचे, हे कोणत्याच अधिसूचनेत लिहिलेले नाही.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि काही काळ मांडवी शांत झाली. पण एकदा झिजलेला बांध पाणी शांत झाल्याने पुन्हा भरून येत नाही. काही गावी सरकारच्या मृद्‌संधारण विभागाने चिरे व माती घालून बांध उभे केले. जुव्याची सात शिरांची भेंडी आजही पणजीच्या बाजारात नाव सांगून विकली जाते, त्याअर्थी तेथली माती राखणारे हात अजून आहेत. इतरत्र अशी शेते आहेत की ज्यांचे नाव सात-बाराच्या धर्तीच्या उताऱ्यावर भातशेती म्हणून आहे आणि ज्यांत बगळे मासे टिपीत उभे असतात.

आज या बेटांवर भगदाड पडले तर त्याच्याशी ज्यांचा संबंध येतो अशांची यादी बरीच लांब होते. पडीक जमीन कोमुनिदादीची, शेत कुळाचे, बांध व मानस संघटनेची, संघटनेवर देखरेख मामलेदाराची, दुरुस्तीचा अंदाज मृद्‌संधारण विभागाचा, खारफुटी वनखात्याची आणि नदीतली वाहतूक बंदर कप्तानाच्या खात्याची. यांपैकी संघटनेची निवडणूक तेवढी बेटावरच्या लोकांच्या हाती आहे. ती गावोगाव ठरल्याप्रमाणे होत नाही. कित्येक ठिकाणी उमेदवारच मिळत नाहीत. आणि जेथे ती होते तेथे मतदानाला येणाऱ्यांत, ज्यांच्या आजोबांना गांवकरांच्या सभेत शिरावयास मिळत नव्हते, अशा घरांतली माणसे असतात.